तू कुठला रे?

कचेरीत पंख्याखाली कागद दाबून बसलेल्या पेपरवेटला कुणी गाव विचारत नाही. पण साधारण १८४५ ते १८६० या काळातला फ्रेंच गोळा हाती आला, की जाणकाराच्या ओठांवर पहिला प्रश्न तोच. बाकारा, सँ-लुई की क्लिशी, यांतल्या कोणत्या कारखान्याचा?

आत पाहावं तर बाग फुललेली. ही फुलं कांडीत जन्मतात. रंगीत काचेचे थर एकमेकांवर चढवायचे, गोळा तापलेला असतानाच दोघांनी दोन टोकं धरून लांब चालत जायचं. कांडी बारीक होत जाते, पण तिच्या पोटातलं फूल मोडत नाही, फक्त लहान होतं. मग उसाचे करवे पाडावेत तशा चकत्या पाडायच्या, कड्यात मांडायच्या आणि वर वितळलेल्या काचेचा घुमट चढवायचा. मुरानोच्या पिएत्रो बिगाग्लियाने असे गोळे १८४५च्या व्हिएन्ना प्रदर्शनात मांडले आणि फ्रान्सने ही विद्या उचलली.

बाकाराच्या कांड्यांत कोंबडा, हत्ती, माकड दिसतात. कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या नात्यातल्या एमिल ग्रिदेल नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाने कागदातून कापलेल्या आकृत्या त्या! मला ही खूण सगळ्यांत प्रिय आहे. क्लिशीची खूण म्हणजे गुलाब, पण त्यावर भरवसा ठेवू नये, कारण गुलाब इतरांनीही केले. खरं सांगते ते वजन. बाकारा आणि सँ-लुईच्या काचेत शिसं भरपूर, म्हणून तळहात खाली दबतो. क्लिशी हाताला हलका लागतो. मनाची खात्री पटत नसेल तर गोळा आधी कोरडा तोलावा, मग दोऱ्याने पाण्यात लोंबता ठेवून तोलावा. शिशाची काच पाण्याच्या तिप्पट किंवा त्याहून जड भरते, साधी काच अडीचपट. आर्किमिडीजचं हे जुनं गणित अजून फसवत नाही.

फसवतात त्या तारखा. ‘१८४८’ अशी कांडी असलेले काही इंग्लिश गोळे कित्येक वर्षं लंडनच्या व्हाइटफ्रायर्सचे म्हणून मिरवले. पुढे ते विसाव्या शतकातले, बर्मिंगहॅमचे ठरले. बाकारा गावात मात्र एक गोळा असा निघाला, ज्याला साक्षीदाराची गरजच नव्हती. १८५३ साली चर्चच्या पायाच्या दगडात तो पुरला होता. युद्धात चर्च उद्ध्वस्त झालं आणि १९५१ साली तो हाती लागला.

बाकीच्यांना साक्षीदार लागतो, तो असतो तळाशी. वर्षानुवर्षं टेबलावर सरकलेल्या काचेला ओरखडे पडतात ते वेडेवाकडे, हव्या त्या दिशेने. सगळे एकाच दिशेने ओढलेले दिसले, तर समजावं, हे वय पॉलिशपेपरने घासून आणलंय.

म्हणून बाजारात असा गोळा दिसला तर आधी पालथा करा, मग हातात तोला. कांडीवरची तारीख आणि विक्रेत्याची चिठ्ठी सर्वांत शेवटी वाचा.