मोबाईलवरची ऑर्डर आणि वहीतला हिशेब

अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या पालेगावात गेल्या काही वर्षांत उंच उंच इमारती उभ्या राहिल्या. जवळच आनंदनगरची औद्योगिक वसाहत आहे. पाळीवर जाणाऱ्या कामगाराला डबा हवा असतो, इमारतीतल्या नोकरदार बाईला घरच्या पोळ्या हव्या असतात, कोणाला साडीला फॉल लावून हवा असतो. ही कामे करणारे हात आपल्या वस्तीत आहेत. परंतु इमारतीच्या फाटकावर वॉचमन उभा असतो आणि तो फेरीवाल्याला आत सोडत नाही. पूर्वी आरोळी ठोकून धंदा होत असे. आता आरोळी फाटकातच अडते, मोबाईल मात्र सातव्या मजल्यावर स्वयंपाकघरापर्यंत जातो.

आमच्या वस्तीतल्या एका ताईंची हकीकत सांगतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये यजमानांची कंपनी बंद पडली आणि त्यांनी डबे सुरू केले. सहा महिन्यांनी त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "दादा, रोज राबते, पण हातात काही उरत नाही. तुम्ही बी.कॉम. आहात, जरा बघा." आम्ही वही मांडून बसलो. त्या रोज अंदाजाने २० डबे करीत. खपत १५. डबा ६० रुपयांना, आणि करायला खर्च ३८ रुपये. खपलेल्या १५ डब्यांवर ३३० रुपये सुटत. उरलेल्या ५ डब्यांत १९० रुपये बुडत. म्हणजे पहाटे चारला उठून दिवसाची कमाई १४० रुपये! महिन्याचे २६ दिवस धरले तर ४,९४० रुपयांचे अन्न शेजारीपाजारी वाटले जात होते किंवा फेकले जात होते.

ताईंना वाटत होते की गिऱ्हाईक वाढले पाहिजे. आमचे म्हणणे वेगळे पडले. गिऱ्हाईक नंतर पाहू, आधी उद्या किती डबे लागणार हे आज रात्री कळले पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस नावाचे वेगळे अ‍ॅप आपल्या देशात जानेवारी २०१८ मध्ये आले. ते फुकट आहे. त्यात आपल्या धंद्याचे नाव, वेळ, पत्ता आणि पदार्थांची यादी भावासकट लावून ठेवता येते. ताईंच्या मुलीने ते एका दुपारी बसवून दिले. रोज रात्री आठला एकच निरोप जाऊ लागला: उद्या वांग्याची भाजी, डाळ, तीन पोळ्या, भात, हवे असल्यास दहापर्यंत कळवा. दहानंतर मोजणी, आणि मोजणीप्रमाणे कणीक. पहिल्याच महिन्यात वाया जाणारे डबे जवळजवळ थांबले. एकही नवे गिऱ्हाईक न वाढता १४० चे ३३० झाले. समाजमाध्यमाचा फायदा कोणी विचारला तर आम्ही हा आकडा सांगतो.

त्यांनी ग्रुप केला नाही, हे बरे केले. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि आपल्या भगिनी-गिऱ्हाइकांना ते आवडत नाही. शिवाय एखाद्याने भाजीत मीठ जास्त आहे असे लिहिले की सगळे गाव वाचते. ब्रॉडकास्ट यादीतून निरोप प्रत्येकाला स्वतंत्र जातो. फक्त समोरच्याने आपला नंबर सेव्ह केलेला असला पाहिजे, नाहीतर तो पोहोचतच नाही. म्हणून ताईंनी डब्यासोबत नंबराची चिठ्ठी दिली आणि प्रत्येकाकडून समोर उभे राहून नंबर सेव्ह करून घेतला.

मधे एक तरुण त्यांच्या घरी आला. इन्स्टाग्रामवर पान काढून देतो, रील टाकतो, दहा हजार फॉलोअर करून देतो, महिन्याला चार हजार द्या, म्हणाला. ताई बचत गटातून कर्ज काढायला निघाल्या होत्या. आम्ही विचारले, त्या दहा हजारांत पालेगावचे किती? नागपूरचा माणूस इथला डबा मागवणार आहे काय? साड्या किंवा गोधड्या पार्सलने जातात, त्यांना लांबचे गिऱ्हाईक चालते. तिथे इन्स्टाग्रामला अर्थ आहे. आमच्या ओळखीची एक भगिनी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते आणि तिला पुण्याहून मागणी येते. पण गरम डब्याचे राज्य दोन किलोमीटरचे. कर्ज टळले.

खरा पेच नावाचा पडला. अ‍ॅपमध्ये धंद्याचे नाव लिहावे लागते. मुलगी म्हणाली, आई, आडनाव लिहू नकोस, नुसते 'घरचा डबा' लिही. तिचे भय खोटे नव्हते. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आल्यावर बाबासाहेबांनी शेअरच्या व्यवहारांत सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि पेढी बंद करावी लागली. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाची ही गत, तर डबेवाल्या बाईची काय कथा? ताईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी स्वतःचे पूर्ण नाव आडनावासह लिहिले. पुढे इमारतीतून एका बाईने भाव विचारला, मग गाव विचारले, मग मजकूर थांबला. असे दोनदा घडले. बाकीचे राहिले. आडनाव लिहावे की नाही, याचा निर्णय ज्याची चूल त्याने घ्यावा, असे आमचे मत आहे. पोट चालवणाऱ्याला आम्ही बाहेरून शौर्य शिकवणार नाही. पण ताईंनी लिहिले तेव्हा आमची छाती भरून आली, हेही खरे.

हे अ‍ॅप आपल्या मालकीचे नाही, याची मात्र आठवण असू द्यावी. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि तिथे जमवलेले गिऱ्हाईक एका रात्रीत गेले. ४ ऑक्टोबर २०२१ चा सोमवार ताई विसरणार नाहीत. आठला निरोप गेला, पाच-सहा उत्तरे आली आणि नवाच्या सुमारास सगळे ठप्प. जगभर व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते. ताईंनी पिठाच्या डब्यावरची वही काढली. दर महिन्याच्या एक तारखेला मुलगी तिच्यात नाव, मजला, नंबर उतरवते. साध्या फोनवर एकेकाला विचारून साडेदहाला मोजणी झाली. दुसऱ्या दिवशी सगळे डबे वेळेवर गेले.

आणखी एक गोष्ट बजावून सांगतो. आपण फौजी आहोत, पन्नास डबे हवेत, आगाऊ पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका, असा फोन आला तर ठेवून द्यावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन पैसे द्यायला लागतो. फसगत झालीच तर ताबडतोब १९३० वर फोन करावा. धंद्याची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिचे पैसे मागणारा दलाल समजावा. घरगुती डब्यालाही अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. ती करून घेतली की नंबर यादीत लावता येतो आणि इमारतीतले लोक तो पाहतात.

ताईंच्या वहीत आता ४१ नावे आहेत. परवा त्या विचारीत होत्या, "दादा, गॅस महागला, भाव पाच रुपयांनी वाढवायचा आहे. निरोप कसा लिहू?" आम्ही म्हणालो, पंधरा दिवस आधी लिहा, आणि रोजच्या माणसांना लिहू नका, फोन करा. त्यासाठी त्यांनी रविवारची दुपार धरली आहे.