काकडीच्या कुंपणावरून

शिर्डीचं विमानतळ शिर्डीत नाही, कोपरगाव तालुक्यातल्या काकडीच्या माळावर आहे. १ ऑक्टोबर २०१७ ला तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी त्याचं उद्घाटन केलं. तेव्हापासून कुंपणाबाहेर गाडी लावून विमानं बघणाऱ्यांत मीही असतो. लोक पंख बघतात, मी चाकं बघतो. टेकताक्षणी धुराचा भपका उठतो. तो रबराचा. हवेत गपगार लोंबणाऱ्या चाकाला एका क्षणात ताशी अडीचशेच्या वेगानं पळायला लागतं, त्यात ते घासतंच.

*

कुंपणापाशी एक पोरगा आजोबांना विचारत होता, "चाक निघालंच नाही तर?"

"बाबा बघतील," आजोबा म्हणाले.

बघतीलही. पण साईबाबांपर्यंत जायच्या आधी बरंच काही करून ठेवलेलं असतं.

*

कॉकपिटमध्ये चाकं खाली-वर करणाऱ्या गिअरची जी दांडी असते तिच्या टोकाला इवलंसं चाकच बसवलेलं असतं. अंधारात, गडबडीत, न बघता हाताला कळावं म्हणून. चाकं खाली येऊन पक्की बसली की तीन हिरवे दिवे लागतात: पुढचं, डावं, उजवं. दोनच लागले तर उतरणं लांबणीवर.

बोइंग ७३७ मध्ये सहवैमानिकाच्या खुर्चीमागे जमिनीत एक झाकण आहे. उघडलं की तीन मुठी, प्रत्येक चाकाची वेगळी. हायड्रॉलिकनं दगा दिला तर खाली वाकून त्या एकेक करून ओढायच्या. वरची कुलपं सुटतात आणि चाकं आपल्या वजनानं खाली पडतात. कोट्यवधींचं यंत्र, आणि शेवटचा उपाय विहिरीवरच्या पोहऱ्यासारखा: सोडून द्यायचं.

*

याच्या उलट वॉर्सा, १ नोव्हेंबर २०११. न्यूअर्कहून आलेल्या बोइंग ७६७ ची चाकं निघेनात, पर्यायी व्यवस्थाही चालेना. कॅप्टन तादेउश व्ह्रोना यांनी विमान पोटावर टेकवलं. आतली २३१ माणसं सुखरूप उतरली. नंतर विमान उचलून बघतात तो एक सर्किट ब्रेकर बाहेर आलेला. तो आत दाबला, चाकं निमूट खाली आली. आपल्याकडे मोटर चालत नाही म्हणून वायरमनला बोलावतात आणि तो येऊन फ्यूज बसवून जातो, तसंच. फक्त इथं वायरमन हवेत येत नाही.

*

११ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याची आदली संध्याकाळ. अंगणात गाड्या धुणं चालू, झेंडूची फुलं ओवायची राहिलेली, आणि टीव्हीवर एक विमान गोल गोल फिरतंय. तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेलं ७३७, १४० च्या आसपास प्रवासी. उडाल्यावर हायड्रॉलिकचा बिघाड कळला. कॅप्टन इक्रोम रिफादली फहमी झैनल, सहवैमानिक मैत्रेयी शितोळे. आडनाव ऐकल्याबरोबर आमच्या घरातल्या बायका हातातलं काम टाकून टीव्हीपुढे बसल्या.

अडीच तास घिरट्या. टीव्हीवाल्यांनी त्याला थरार म्हटलं. खरं तर तो हिशेब होता. ७३७-८०० जास्तीत जास्त ७९ टनांनी उडू शकतं, पण उतरताना ६६ टनांच्या वर नको. त्याला इंधन हवेत सोडता येत नाही, जाळावंच लागतं. तासाला साधारण अडीच टन. म्हणजे वैमानिक त्या वेळात घाबरून फिरत नव्हते, वजन उतरवत होते. रात्री सव्वाआठच्या सुमारास विमान नेहमीसारखं, चाकांवर उतरलं. दुसऱ्या दिवशी आमच्या गाडीला हार जरा जाडच घातला गेला.

तिरुचिरापल्लीची धावपट्टी जेमतेम २,४८० मीटरची. काकडीची २,५००. हे मुद्दाम लिहून ठेवलं, कारण २९ एप्रिल २०१९ ला दिल्लीहून आलेलं ७३७ काकडीला धावपट्टी संपल्यावरही थांबलं नव्हतं, पुढं मातीत गेलं. चाकं धड असताना ही गत. जड विमान घेऊन घाईनं उतरणारा इथं कुठं जाऊन थांबला असता?

*

चाकाच्या बिघाडात माणसं क्वचितच चाकामुळे मरतात. २९ डिसेंबर १९७२, मायामीजवळ: पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. बल्ब उडाला होता, चाक ठीक होतं. सगळे त्या बल्बमागे लागले आणि विमान हळूहळू खाली जातंय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. दलदलीत कोसळलं; १०१ बळी. २८ डिसेंबर १९७८, पोर्टलंड: चाकांची खात्री करता करता इंधनच संपलं; १० बळी. तेव्हापासून शिकवण अशी, की एकानं फक्त विमान चालवायचं आणि बिघाड दुसऱ्यानं बघायचा. एसटी बंद पडली की ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघंही बॉनेटमध्ये डोकं घालतात. चालतं, एसटी उभी असते.

*

वैमानिकाला स्वतःची चाकं दिसत नाहीत. ६ मे २०२१ ला नागपूरहून उडताना एका छोट्या रुग्णवाहू विमानाचं चाक गळालं, ते पाहिलं पहाऱ्यावरच्या सीआयएसएफच्या जवानानं. त्या विमानाला प्रत्येक बाजूला एकच चाक. कॅप्टन केसरी सिंग यांनी मुंबईला चाकं न काढता, फेस पसरलेल्या धावपट्टीवर ते पोटावर उतरवलं. रुग्णासह पाचही जण सुखरूप. १२ सप्टेंबर २०२५ ला कांडल्याहून मुंबईला निघालेल्या विमानाचं चाक पडलं तेव्हाही टॉवरमधल्या माणसाला काहीतरी काळं पडताना दिसलं. ते जोडचाकातलं बाहेरचं, म्हणून आतल्यावर निभावलं.

नगर-मनमाड रस्त्यावर हे चाकं बघायचं खातं जनतेकडे आहे. परवा राहुरीच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीवरून एक जण माझ्याकडे बघून बोंबलला, "ओऽ मागलं चाऽक!" मी उतरलो. टायर पार बसला होता, रिमच्या कडेला रबराची घडी पडलेली, हात लावला तर चटका. मला स्टिअरिंगमध्ये काहीच कळलं नव्हतं. त्या रस्त्यावर गाडी एरवीही तशीच चालते.

*

नगरच्या व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेचा हात लागलेलं एक विमान मात्र या सगळ्यातून सुटलेलं होतं: 'निशांत', लष्कराचं मानवरहित टेहळणी विमान. त्याच्या देशी वांकेल इंजिनावर या संस्थेनं काम केलं, २००९ मध्ये ते इंजिन घेऊन निशांत उडालं. त्याला चाकंच नव्हती. ट्रकवरच्या यंत्रानं गलोलीसारखं भिरकावून द्यायचं आणि काम झालं की पॅराशूटनं, हवेच्या पिशव्यांवर आदळत, मिळेल त्या माळावर उतरवून घ्यायचं.