थंडीच्या मोठ्या रात्री



मार्गशीर्ष-पौष म्हणजे दिवस आखूड आणि रात्र लांबलचक. दिवेलागण झाली की गल्ली सामसूम होते. आपला मराठवाडा समुद्रापासून दूर; आभाळ निरभ्र, हवा कोरडी. त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते आणि पहाटे हातपाय आखडतात. त्यात ज्यांच्या वाट्याला रात्रीची वीज येते, त्यांना हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला काळोखात, चिखलात उभे राहावे लागते. त्यांच्यापुढे थंडीचे गोडवे गावेत असे मला वाटत नाही. पण याच थंडीवर आपला हरभरा आणि गहू पोसतो, आणि तिच्या पाठोपाठ चार सुखेही घरी येतात. ती फुकट असतात, म्हणून आपल्या लक्षात राहत नाहीत, एवढेच.

पहिले सुख हुरड्याचे. ज्वारीचा दाणा आधी दुधाळ असतो, मग चिकात येतो. तो टणक होण्याआधी जे थोडे दिवस मिळतात, तेवढाच हुरडा. गूळभेंडीचा दाणा गोड आणि कणसातून लवकर सुटणारा, म्हणून काही घरी आजही त्याच्या चार ओळी मुद्दाम पेरतात. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजावीत, तळहातावर चोळावीत, सोबत जवसाची चटणी आणि गुळाचा खडा. शहरातली मंडळी यासाठी पैसे मोजून येतात. आपल्या बांधावर मात्र कधी कधी हुरडा पाखरेच खाऊन जातात, कारण आपल्याला बसायला सवड नसते!

दुसरे सुख वेळा अमावस्येचे. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या या अमावस्येला गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. कडब्याची खोप करून पाच पांडवांची पूजा होते, भज्जी, उंडे, आंबील असा बेत असतो, आणि वाटसरूलाही हाक मारून जेवायला बसवतात. त्याच सुमारास नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट पाहायला घरातली म्हातारीसुद्धा निघते.

तिसरे सुख जरा विसरत चालले आहे. ते म्हणजे मोठ्याने वाचण्याचे.

१९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. वरच्या वर्गांची आणि कचेरीची भाषा उर्दू. मराठी टिकली ती घरात, देवळात आणि पोथीत. श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप, महिपतींचा भक्तविजय असे ग्रंथ देवळात लागायचे. एकजण वाचायचा, एकजण अर्थ सांगायचा आणि बाकीचा गाव घोंगडी पांघरून ऐकायचा. माझ्या आजीला सहीसुद्धा येत नव्हती, पण कर्णाचे काय चुकले आणि काय बरोबर, यावर ती तासभर भांडू शकत असे. अक्षर न शिकताही माणसाला पुस्तक मिळत होते, कारण कोणीतरी आपले डोळे त्याला उसने देत होते.

त्याचे मोल मला कळले ते १९९३ च्या हिवाळ्यात. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसे गेली. माझे आजोळ त्याच भागातले. थंडी पडली तेव्हा ती मंडळी पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. रात्री पत्रा असा गार पडे की आतल्यापेक्षा बाहेर शेकोटीजवळ बरे वाटे. मामीचा धाकटा मुलगा गेला होता. ती कोणाशी बोलत नसे. ढिगाऱ्यातून एका पोराचे शाळेचे मराठीचे पुस्तक निघाले होते. तो रोज रात्री शेकोटीच्या उजेडात एक धडा वाची. एका रात्री धडा संपला, त्याने पुस्तक मिटले, तशी मामी म्हणाली, "अजून वाच की रे बाळा." कित्येक दिवसांत तिने तोंड उघडले ते हे. दुःख काही गेले नाही. पण तिची ती रात्र सरली, आणि दुसऱ्या रात्री ती आपणहून येऊन बसली.

आता घरोघरी मोबाइल आहे. त्याला नावे ठेवून उपयोग नाही. बाजारभाव आणि पावसाचा अंदाज त्यावरच कळतो. पण ज्याच्या त्याच्या हातात ज्याचा त्याचा मोबाइल असला, की म्हातारी माणसे घर भरलेले असूनही एकटी पडतात. त्यांचे डोळे अधू, बारीक अक्षर दिसत नाही, आणि "मला वाचून दाखव" म्हणायला संकोच वाटतो.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. जेवणे झाली की निजण्याआधी दोन पाने मोठ्याने वाचा. मुलीला वाचू द्या, सुनेला वाचू द्या. अडखळली तरी हसू नका. पुस्तक नसेल तर गावातले वाचनालय गाठा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते, ते तुमच्यासाठीच आहे. कुलूप दिसले तर चार जण जाऊन ते उघडायला लावा. कपाटातल्या पुस्तकाला वाळवी लागते, हातातल्या पुस्तकाला लागत नाही.

आणि वाचताना शेकोटीजवळची जागा आधी त्याला द्या, ज्याला अकरा वाजता पाणी धरायला जायचे आहे.