डबा लहान होतो, बसणारा होत नाही

1/ आमचे पिंगुळी ठाकर समाजाच्या चित्रकथीसाठी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी ओळखले जाते. हातभर उंचीचा बाहुलीचा राजाही प्रेक्षकांना राजाच वाटतो, कारण त्याला कोणाचे ओझे वाहायचे नसते. याच गावात, घरामागच्या परसात, मी आणि मामा रेल्वेचा एक छोटा डबा जोडत आहोत. त्यावर माणूस बसणार आहे. या एका अटीने सारे गणित बदलते.

2/ संच धातूचा आहे: सांगाडा, दोन बोगी, चार आस, आठ चाके, स्प्रिंगा, बेअरिंगे आणि पिशवीभर नट-बोल्ट. दोन रुळांतील अंतर सव्वासात इंच, म्हणजे ब्रिटनमधील प्रमाण रेल्वेच्या साधारण आठवा हिस्सा.

3/ लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी आठपट घटली की वजन 8×8×8, म्हणजे 512 पट घटते. या हिशेबाने 20 टनांचा डबा सुमारे 39 किलोंचा होतो. त्यावर बसणारा माणूस मात्र साठ किलोंचाच राहतो! प्रवासी डब्याहून जड, आणि बसणार तो डब्याच्या वर. किंचित कलला तरी डबा उलटू शकतो. म्हणून बैठक शक्य तितकी खाली आणि पाय दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर. मामांच्या शब्दांत, "गाडी ल्हान, पण भार खरो रे!"

4/ हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात सर आर्थर हेवूड यांच्यापुढे होता. त्यांनी आधी 9 इंची रूळ वापरून पाहिले. माणसे सुरक्षित बसण्याइतका तोल त्यावर मिळेना. मग 1874 पासून डर्बीशायरमधील डफील्ड बँक येथे त्यांनी 15 इंची रेल्वे उभारली. खरे काम करू शकेल अशी सर्वांत अरुंद रेल्वे कोणती, याचा तो शोध होता.

5/ महाराष्ट्रात हा विचार वेगळ्या मापाने आला. 1897 साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अडीच फुटी होते. अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी नियम घातला: इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर 5 टनांहून अधिक भार नको. भार अनेक चाकांवर समान वाटल्याने हलके, स्वस्त रूळ पुरले आणि तरीही डबे भरपूर माल वाहू लागले. 1906 मध्ये हा मार्ग पंढरपूरला पोहोचला.

6/ हे सारे मी पुस्तकांत वाचले होते. बोगी हाताने जोडताना त्यातील 'का' उमगला. परसातील जांभ्याची जमीन सपाट नाही. एक चाक उचलले गेले की त्याचा भार उरलेल्या चाकांवर जातो आणि डबा रुळावरून घसरतो. स्प्रिंग दबते आणि बोगी वळते, म्हणून आठही चाके रुळाला टेकून राहतात. कॅलथ्रॉप यांचा 5 टनांचा नियम याच टेकण्यावर उभा होता.

7/ आपल्या इतिहासलेखनात या रेल्वेचे भांडवल, मैल आणि वर्षे नोंदली जातात; डब्याखालचा भाग सहसा कोणी पाहत नाही. त्यामुळे अरुंद रुळांची प्रत्येक गाडी 'टॉय ट्रेन' ठरते. 1907 ची नेरळ–माथेरान रेल्वेही त्यातलीच. तिचे रूळ दोन फुटी, वळणे अतितीव्र आणि चढ अवघड. तिथेही सल्ला कॅलथ्रॉप यांचाच होता, आणि त्या वळणांसाठी इंजिनांचे टोकाचे आस बाजूला सरकतील असे बनवले होते. खेळण्यासाठी इतका विचार कोणी करत नाही.

8/ माथेरानला गेलात तर खिडकीची जागा पकडण्याआधी क्षणभर वाका आणि चाके पाहा. दरी नंतरही दिसेल.