पहिली हातात असताना

गेल्या जूनमधली गोष्ट. नाना पेठेतल्या आमच्या गल्लीत अजून निम्मी शटर्स खालीच होती. एक गृहस्थ रिक्षातून उतरले आणि काउंटरवर एक चकचकीत किल्ली ठेवून म्हणाले, "दार उघडतंय, स्टार्टर फिरतोय, पण गाडी काही चालू होत नाही. काल रात्रीपर्यंत ठणठणीत होती."

किल्ली हातात घेताच मला अंदाज आला. जुन्या रिमोटचं कवच फुटलं म्हणून त्यांनी तीनशे रुपयांचं नवीन मागवलं होतं. घरी बसून आतलं सर्किट, सेल आणि पातं त्यात नीट बसवलं होतं. मी विचारलं, "जुनं कवच कुठे आहे?"

"टाकलं की कचऱ्यात."

"घंटागाडी येऊन गेली?"

त्यांनी घाईघाईने घरी फोन लावला. घंटागाडी यायची होती. अर्ध्या तासाने त्यांचा मुलगा चहाचा चोथा लागलेलं ते कवच पिशवीतून घेऊन आला. मी ब्लेडने त्याचा सांधा उकलला. आत एका खोबणीत काळी कांडी बसलेली होती. बारा मिलिमीटर लांब, सहा रुंद, तीन जाड. ती काढली, पुसली, नव्या कवचात बसवली आणि त्यांच्याबरोबर सहकारनगरला गेलो. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. घंटागाडी थोडी आधी आली असती, तर या कामाला हजारांच्या घरात खर्च आला असता.

गाडीच्या एका किल्लीत तीन किल्ल्या असतात. धातूचं पातं दार उघडतं आणि इग्निशनचं लॉक फिरवतं. रिमोट लांबूनच दारं उघडतो, लावतो. आणि ती काळी कांडी, म्हणजे चिप, इंजिनाला चालू व्हायची परवानगी देते. तिघींची कामं वेगळी, बिघाड वेगळे, किमतीही वेगळ्या. स्पेअर किल्ली परवडणाऱ्या दरात हवी असेल तर एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं. दुकानात येणारे बहुतेक लोक "सेम टू सेम करून द्या" म्हणतात आणि तिघींचे पैसे मोजतात. अडीअडचणीसाठी कपाटात ठेवायच्या किल्लीला रिमोट कशाला हवा? साधं पातं आणि चिप एवढ्यावर दार हाताने उघडतं आणि गाडी चालू होते. माझ्याकडे अशी किल्ली साधारण दीड-दोन हजारांत होते. रिमोटसकट तीच चार-पाच हजारांवर जाते.

माझे वडील, अण्णा, मंडईजवळ फुटपाथवर बसायचे. एक छोटा शेगडा, तीन-चार कानशी आणि कोऱ्या किल्ल्यांचा जुडगा एवढंच दुकान. किल्ली हरवलेला कोणी आला की कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून तिला काजळी चढवायची, लॉकमध्ये घालून हलकेच फिरवायची आणि बाहेर काढून बघायचं. काजळी जिथे खरवडली असेल तिथे कानस लावायची. असं वीस-पंचवीस वेळा केल्यावर लॉक फिरायचं. तेव्हा गाडीची किल्ली म्हणजे नुसतं पातं. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिली, तीही साधी धातूचीच होती. तशी किल्ली अण्णांनी दहा मिनिटांत कानशीने घासून दिली असती.

पात्याचं शास्त्र आजही तेच आहे. लॉकच्या नळकांड्यात पातळ पट्ट्या स्प्रिंगवर बसवलेल्या असतात, त्यांना आम्ही वेफर म्हणतो. किल्लीची खाच बरोबर खोलीची असली की पट्टी नळकांड्याच्या कडेशी समपातळीत येते. सगळ्या पट्ट्या अशा बसल्या की लॉक फिरतं. एक जरी केसभर वर राहिली तरी अडतं. म्हणून सांगतो, पंधरा वर्षं वापरून झिजलेल्या किल्लीवरून नक्कल काढू नका, कारण नकलेत ती झीजही उतरते. कमी वापरलेली किल्ली आणा. नवीन गाडीबरोबर बऱ्याचदा किल्लीचा नंबर कोरलेली छोटी पट्टी मिळते. ती जुडग्याला अडकवून फिरवू नका. नंबराचा फोटो काढून ठेवा आणि पट्टी घरात जपा. त्या नंबरावरून खाचांची मूळ मापं मिळतात आणि पातं कारखान्यातून आल्यासारखं नेमकं कापता येतं.

खरा बदल झाला तो चिपमुळे. गाड्यांच्या चोऱ्या वाढल्या तेव्हा युरोपात १९९८पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. पुढे तेच तंत्र आपल्याकडच्या गाड्यांतही आलं. इग्निशन लॉकभोवती तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं. आपण किल्ली फिरवली की त्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी निघतात. चिपमध्ये सेल नसतो, ती या लहरींवरच जागी होते आणि गाडीला उत्तर देते. उत्तर जुळलं नाही तर इंजिन चालू होत नाही. म्हणूनच रिमोटचा सेल संपला तरी गाडी चालू होते. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे कित्येक जण सेल संपल्यावर गाडी टो करून आणतात.

चिप काय बोलते ते किल्ल्याच्या परवलीवरून चटकन कळेल. जुन्या प्रकारची चिप दर वेळी एकच ठरलेला आकडा सांगायची. दिंडी दरवाज्यावर रोज तीच परवली असली, तर एकदा कानावर पडलेला माणूस कधीही आत शिरेल. नंतरच्या चिपमध्ये पहारेकरी दर वेळी नवा प्रश्न विचारतो आणि उत्तर काढायची गुप्त रीत फक्त दोघांनाच ठाऊक असते. ही रीतही अभेद्य राहिली नाही. २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ४० बिटांची चिप फोडून दाखवली. २०१२ साली ४८ बिटांच्या हिटॅग-२ या चिपची पाळी आली. कारखानदारांना त्यातून अधिक पक्क्या चिपा करायचा धडा मिळाला. आमच्या धंद्याला मात्र त्यातून एक स्वस्त वाट सापडली, ती म्हणजे चिपची नक्कल.

स्पेअर किल्ली करायच्या वाटा तीन. पहिली, हातातल्या किल्लीची चिप वाचून तिची हुबेहूब नक्कल करायची. ही सर्वांत स्वस्त. गाडीला दोन्ही किल्ल्या एकच वाटतात. मात्र त्यातली एक हरवली आणि गाडीने ठेवलेल्या किल्ल्यांच्या यादीतून काढायची म्हटली, तर दुसरीही बाद होते. दुसरी वाट म्हणजे स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला यंत्र जोडून गाडीच्या यादीत नवी किल्ली नोंदवायची. थोडे पैसे जास्त जातात, पण प्रत्येक किल्लीची ओळख स्वतंत्र राहते. घरात दोन-तीन जण गाडी चालवत असतील तर मी हीच सुचवतो. तिसरी वाट, एकही किल्ली हातात नसतानाची, कोणावरही येऊ नये. धंद्यात तिला 'ऑल की लॉस्ट' म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात एक शिक्षक दुकानात आले होते. जुनी गाडी घेतलेली, किल्ली एकच. मी चिपसकट साध्या किल्लीचे अठराशे सांगितले. "दिवाळीनंतर बघू," म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीत गुहागरहून त्यांचा फोन आला. चड्डीच्या खिशात किल्ली ठेवून समुद्रात उतरले होते, किल्ली लाटेबरोबर गेली. बरोबर बायको, दोन मुलं आणि वृद्ध आई.

दुसऱ्या दिवशी पहाटे सामान घेऊन निघालो, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे दुपारी पोहोचलो. आधी दाराच्या लॉकमध्ये 'लिशी' घातली. हे बारीक हत्यार लॉक उघडतं आणि प्रत्येक वेफरची खोलीही सांगतं. आकडे कागदावर उतरवले, बॅटरीवरच्या यंत्रावर पातं कापलं. दार उघडलं, लॉक फिरलं, पण गाडीच्या यादीतली एकही चिप हातात नव्हती. सॉकेटमधून गाडी आपला गुप्त कोड देईना. मग डॅशबोर्डखालची इमोबिलायझरची डबी काढावी लागली. तिच्या पाटीवर आठ पायांची एक मेमरी असते, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. गावातल्या एका गॅरेजवाल्या दादांनी टेबल आणि दिवा दिला. मेमरी उचलून वाचली, कोड काढला, पुन्हा डाग देऊन बसवली. गाडी चालू झाली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. येण्याजाण्यासकट चौदा हजार झाले. डबी उघडलेलीच होती म्हणून तिथेच दुसरी किल्लीही करून दिली, तिचे फक्त हजार घेतले. कारण एकदा आत शिरल्यावर दुसऱ्या किल्लीला खर्च फक्त चिपचा आणि पात्याचा. अशी वेळ आलीच, तर एकीवर थांबू नका, दोन करून घ्या.

त्या आजी दिवसभर गॅरेजच्या बाकावर बसून होत्या. श्रावणातले अठराशे रुपये मला त्या दिवशी फार आठवले. त्या वेळी मीच अजून दोन वाक्यं समजावून सांगायला हवी होती. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, हा लेखही त्यासाठीच लिहिला.

जुनी गाडी घेताना दोन किल्ल्या मागा. एकच मिळाली तर यादीत किती किल्ल्या आहेत ते यंत्रावर तपासून घ्या. बहुतेक गाड्यांत तो आकडा दिसतो. तुमच्या हातात नसलेली किल्ली यादीत असेल तर काढून टाका. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, म्हणून किल्ली हरवली की पोलिसांत नोंद करा आणि नव्या किल्लीचं बिल जपून ठेवा. विम्यात किल्लीचं संरक्षण वेगळं घेता येतं, तेही विचारून बघा. रिमोटचा पल्ला कमी झाला की आधी सेल बदला. सीआर २०३२ या आकड्यातच माप आहे, वीस मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. बटणाच्या गाडीतली स्मार्ट किल्ली महाग, पण तिच्याही पोटात दार उघडायचं पातं लपवलेलं असतं. सेल संपल्यावर ती स्टार्टच्या बटणाला टेकवली की अनेक गाड्या चालू होतात. आणि कवच बदलाल तेव्हा जुनं कवच गाडी चालू झाल्याशिवाय टाकू नका.

स्वस्त म्हणजे काहीही न विचारता करून देणारा, असं मात्र समजू नका. आरसी आणि ओळखपत्र न बघता जो तुम्हाला किल्ली करून देतो, तो तुमच्या गाडीची किल्ली दुसऱ्यालाही करून देईल. अण्णा फुटपाथवर बसायचे तेव्हाही त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची वही होती. तारीख, गाडीचा नंबर, माणसाचं नाव, सही. साबणाच्या वडीवर उठवलेला ठसा घेऊन कोणी आला तर दुप्पट पैसे देऊ केले तरी ते हात लावायचे नाहीत. आज माझ्या यंत्रांची किंमत लाखांत आहे. खंडेनवमीला यंत्रांबरोबर मी अण्णांची ती वहीही पूजेला मांडतो. माझी स्वतःची वही आता सव्विसावी चालू आहे.

जूनमधल्या त्या गृहस्थांनी त्याच दिवशी सांगितलं, "आता दुसरीही करूनच द्या." रिमोट नको, पातं आणि चिप, एवढंच. यंत्र माझ्या गाडीतच होतं, अर्ध्या तासात किल्ली झाली. नवी किल्ली तपासताना एक काळजी घ्यावी लागते. जुनी किल्ली लॉकच्या जवळपास असली तर तिचीच चिप उत्तर देते, आणि नवी फसली आहे हे कळतच नाही. म्हणून मी जुनी त्यांच्या हातात दिली आणि त्यांना लांब पाठवलं. ते सोसायटीच्या फाटकापाशी, वॉचमनच्या खुर्चीशेजारी जाऊन उभे राहिले, किल्ली मुठीत घट्ट धरून. मी त्यांच्या मुलाला गाडीत बसवलं आणि नवी किल्ली त्याला फिरवायला दिली. इंजिनाचा आवाज फाटकापर्यंत गेला, तशी त्यांनी मूठ उघडून पहिल्या किल्लीकडे पाहिलं.