थ म्हणजे मागचं सत्र

आज तासभर एकाच ओळीवर घालवला. टीमक्समध्ये, म्हणजे एकाच टर्मिनलात अनेक सत्रं चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, माझी तीन सत्रं कायम उघडी असतात: एकात सर्व्हर, एकात कोड, एकात मराठी टिपणं. सत्र बदलायचं तर आधी कंट्रोल-बी, मग एस दाबून यादी, किंवा कॅपिटल एल दाबून थेट मागचं सत्र. बी फार लांब म्हणून कित्येक जण तिथे कंट्रोल-ए बसवतात. स्क्रीन या तशाच जुन्या प्रोग्रामची तीच कळ. मग बॅशमध्ये ओळीच्या सुरुवातीला उडी मारणारी कंट्रोल-ए हातची जाते. मी बोट ताणणं पत्करलं.

खरी कटकट टिपणांच्या सत्रात. तिथे कळफलक इनस्क्रिप्ट या मराठी मांडणीवर असतो. कंट्रोल-बी माझ्या टर्मिनलला कळतं, पण पुढचा एल थ होऊन पोचतो. टीमक्सला थ ठाऊक नाही, तो गप्प. मीही गप्प, पुन्हा दाबतो, पुन्हा गप्प. कितीतरी दिवस मी आधी कळफलक इंग्रजी करायचो, मग सत्र बदलायचो. स्वतःच्या घरात शिरताना चपला दोनदा काढण्यातला प्रकार!

आज सुचलं, थलाच कामाला का लावू नये? सेटिंगच्या फाईलमध्ये एल ज्या आज्ञेला बांधला आहे तिलाच थही बांधला, फाईल टीमक्सला पुन्हा वाचायला लावली. चाललं. एस मात्र राहिला. इनस्क्रिप्टवर तिथे नुसती एकाराची मात्रा आहे, आणि सुटी मात्रा बांधायच्या फंदात मी पडलो नाही.

यादीसाठी अजून इंग्रजीच करावं लागतं.