काळ्या मातीतले खांब

बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. 'कुंपणच शेत खातं' या म्हणीचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, हा दोन गुणांचा प्रश्न मी किती वेळा काढला असेल, देव जाणे. त्याचं उत्तर स्वतःलाच लिहावं लागेल असं मात्र वाटलं नव्हतं. नात्यातली बरीच मंडळी हा ब्लॉग वाचतात आणि त्यांनी ही गोष्ट अर्धीच ऐकली आहे. म्हणून आज पूर्ण सांगतो.

आमचं वावर नागपूरहून काटोलकडे जाताना लागतं. (वावर म्हणजे शेत. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी खुलासा!) वडील गेल्यावर वाटणी झाली. माझ्याकडे विहीर आणि संत्र्याची बाग आली, धाकट्याकडे कोरडवाहू. मधे धुरा. निवृत्तीनंतर मी बागेत लक्ष घालू लागलो, तर रानडुकरं आणि रोही यांनी जीव नकोसा केला. म्हणून २०१३ च्या मे महिन्यात धुऱ्यावर सिमेंटचे खांब रोवून काटेरी तार ओढायचं ठरवलं. धाकट्याला नुसतं कळवलं. विचारलं नाही.

सगळी घाई माझीच होती. खांब सात फुटी आणि खड्डे जेमतेम दीड फुटांचे. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, सब्बल मारली की ढेकळं निघायची. त्यामुळे खड्डे झाले नरसाळ्यासारखे, वर रुंद आणि खाली निमुळते. त्यात कालवलेला माल ओतला, दोन दिवस शिंपडल्यासारखं पाणी मारलं आणि तिसऱ्या दिवशी तार ताणली. झालं कुंपण!

दोन उन्हाळे गेले आणि खांब कलायला लागले. गंमत म्हणजे सगळे एकाच बाजूला, धाकट्याच्या वावराकडे. वरच्या टोकाला चांगली वीतभर. तो धुऱ्यावर उभा राहून म्हणाला, "दादा, तुहं कुंपण माह्या वावरात येऊन राह्यलं."

तो कदाचित हसूनच म्हणाला असेल. पण माझ्यातला मास्तर जागा झाला. "मोजणी आणून घे," म्हणालो. तो काही बोलला नाही, निघून गेला. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही भेटलो ते लग्नात आणि तेरवीत. कुंपणाने शेत खाल्लं की नाही ठाऊक नाही, बाकी बरंच खाल्लं.

२०२४ च्या पावसाळ्यात कोपऱ्याचा खांब तारेसकट आडवा झाला. गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने खांबाकडे पाहिलंच नाही. आधी इकडची माती मुठीत घेतली, मग तिकडची.

"गुरुजी, तुमच्याकडे उन्हाळ्यातबी पानी चालू असते ना? अन् तिकडं कोरडं. मंग खांब कोनाकडं जाईन?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमची बाग आंबिया बहाराची, म्हणजे भर उन्हाळ्यात पाणी द्यावं लागतं. आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. माझ्या बाजूची माती ओली राहून खांबाला रेटत होती, त्याच्या बाजूची आकसून जागा करून देत होती. खांब जाणार कुठे? धाकटा म्हणत होता ते अक्षरशः खरं होतं, आणि रेटणारं पाणी माझ्या विहिरीचं होतं.

मिस्त्रीने डिसेंबरात काम काढलं. तेव्हा माती ना पार फुगलेली असते ना फाटलेली. खड्डे अडीच फूट खोल, बाजू उभ्या आणि तळाशी थोडे रुंद. वरून रुंद असला तर फुगणारी माती त्या गोळ्याला धरून उचलते, तळाशी रुंद असला तर तोच गोळा नांगरासारखा अडकतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीतल्या घरांसाठी तळाशी कांद्यासारखे फुगीर पाइल विकसित केले, त्यामागेही हेच तत्त्व. हे मी नंतर वाचलं. मिस्त्रीने बहुधा न वाचताच केलं! तळाला मुरूम ठोकून घेतला. एक भाग सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी. प्रत्येक खांब ओळंब्यात. वर काँक्रीटला सगळीकडून उतार, म्हणजे पाणी बुडाशी साचत नाही. कोपऱ्यांना तिरपे टेकू.

"आता सात दिवस तराई," तो म्हणाला. काँक्रीट वाळून घट्ट होत नसतं. सिमेंटचा पाण्याशी संयोग होऊन ते घट्ट होतं, आणि वाळलं की तिथेच थांबतं. म्हणून तर त्याची ताकद अठ्ठावीस दिवसांनी मोजतात.

पण मी नागपूरला. सालदाराला पाणी मारायला सांगून आलो, आणि तो दुसऱ्याच दिवशी त्याच्या गावी गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. तसाच निघालो. मनात म्हटलं, गेले पैसे. जाऊन बघतो तर प्रत्येक खांबाच्या बुडाशी ओलं पोतं गुंडाळलेलं, आणि धाकटा बादली घेऊन शेवटच्या खांबाशी.

मला काय बोलावं सुचेना. तोच म्हणाला, "सिमेंट तुहं असो का माह्यं, वाळलं त वाया जाते."

त्या दिवशी उरलेल्या खांबांना आम्ही दोघांनी पाणी मारलं. मोजणीचं ते वाक्य माझं चुकलं होतं, हे मी त्याला सहाव्या की सातव्या खांबाशी सांगितलं. त्याने मान हलवली आणि पुढच्या खांबाकडे गेला.

जानेवारीत विहिरीवरून एक पाइप कुंपणाखालून त्याच्या वावरात नेला. त्याच्या हरभऱ्याला दोन पाणी मिळाले. घरी विचारलं तेव्हा मी म्हणालो, खांब सरळ राहायचे तर दोन्हीकडे ओल सारखी हवी. बायको नुसती हसली.

२०२५ चा उन्हाळा आणि पावसाळा निघाला. परवा ओळंबा लावून पाहिला, खांब सरळ आहेत. मिस्त्री म्हणतो, काळ्या मातीत एका वर्षाचं कौतुक नको, पाच वर्षांनी बोलू. असो. तोवर ओळंबा धाकट्याच्या घरीच ठेवला आहे.